पंचवीस पौंडांची निळी

खरं म्हणजे हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. विल्फने मला तसं बजावलं होतं. माझ्या धुराड्यावर बोटाचं टोक ठेवून तो म्हणाला होता, "हे आपल्या दोघांतच राहायचं हं, निळे." पंधरा वर्षं मी गप्प राहिले. तशीही मी फार बोलणारी नाही. पण आता विल्फ नाही, आणि आज संध्याकाळी पाच वाजता हा हॉल रिकामा होईल तेव्हा मी त्याच्या बायकोबरोबर घरी जाणार की कुणा अनोळखी माणसाच्या पिशवीतून, हे अजून ठरलेलं नाही. म्हणून बोलतेय.

मी एक इंजिन आहे. खेळण्यातलं. साबणाच्या वडीपेक्षा जरा लांब, चार चाकांचं, निळं. आमच्याकडे इंजिनाला 'ती' म्हणतात, म्हणून मीही स्वतःला बाईच समजते. मी स्वस्तातली आहे, असं सगळे म्हणतात. म्हणजे नेमकं काय, ते मला पंधरा वर्षांत कळलेलं नाही.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. तिथे दोन टेबलं शेजारी शेजारी होती. आमच्या टेबलावरच्या बाईने मला अकरा तुकड्यांत जोडलं आणि पुढच्या निळीला हात घातला. पलीकडच्या टेबलावर एक लांब हिरवी तयार होत होती. तिचे तुकडे दोनशेच्या वर. तिचे कठडे तारेचे, एकेक करून लावलेले. माझे कठडे म्हणजे अंगावरच उठलेली प्लास्टिकची रेघ. तिला तीनदा रंग दिला. मला रंग दिलाच नाही, माझं प्लास्टिकच निळं. तिच्या पोटात जड मोटर होती आणि ती गोगलगायीसारखी हळू चालू शकायची. मला हळू चालताच येत नव्हतं. एक तर उभी, नाहीतर सुसाट.

तेव्हा मला वाटलं होतं, तुकडे कमी म्हणून मी स्वस्त. हिशेब सोपा होता. माझ्या आयुष्यात मला नीट समजलेली ती शेवटची गोष्ट.

मला विकत घेतलं ग्लेनिसने. ती इंग्लंडमधल्या बक्स्टन गावच्या बाजारात चीजच्या ठेल्यावर काम करायची. तिचा नवरा विल्फ बसच्या डेपोत मेकॅनिक होता आणि त्या डिसेंबरमध्ये निवृत्त झाला होता. निवृत्त झाल्यापासून तो दिवसभर घरात तिच्या मागे मागे फिरत होता. कांदा कसा चिरावा, भांडी कुठल्या क्रमाने घासावीत, हे तो तिला समजावून सांगायचा. तिसऱ्या आठवड्यात ग्लेनिस सुपरमार्केटात गेली आणि एक मोठं खोकं घेऊन आली. आत गोल रूळ, दोन मालडबे आणि मी. किंमत एक पेनी कमी पंचवीस पौंड.

"घे," ती म्हणाली. "नाताळची भेट. आणि माझ्या स्वयंपाकघरातून बाहेर हो."

विल्फने बैठकीच्या खोलीतल्या गालिच्यावर रूळ मांडले आणि मला सोडलं. मी पहिल्याच वळणावर उडाले ती सरळ त्याच्या बुटात. तो इतका हसला की ग्लेनिस हात पुसत बघायला आली. मग दोघंही हसले. माझ्या मते मी त्या दिवशी चांगलं काम केलं होतं, पण नेमकं कोणतं, ते कळलं नाही.

महिन्याभरात विल्फ गावातल्या रेल्वे क्लबात जाऊ लागला. दर मंगळवारी. मीही त्याच्या कोटाच्या खिशातून जायचे. तिथे वीस-बावीस म्हातारे जमायचे, चहा प्यायचे आणि छोट्या रुळांवर छोट्या गाड्या चालवायचे. त्यांचा एक न लिहिलेला नियम होता: बायकोसमोर किंमत बोलायची नाही. बोलायची वेळ आलीच, तर तिच्या ओळखीचा आकडा सांगायचा.

विल्फच्या बायकोच्या ओळखीचा आकडा मी होते.

त्या वसंतात विल्फने ती लांब हिरवी आणली. तीच नव्हे, पण तिच्याच टेबलावरची. शाळांच्या सहलींच्या बस चालवून त्याला जे सुट्टे पैसे मिळायचे, त्यातून. ग्लेनिसने ती माळ्यावरच्या काचेच्या कपाटात पाहिली आणि विचारलं, "कितीला रे ही?"

"तुझ्या निळीएवढीच," विल्फ म्हणाला.

"बरी आहे की," ग्लेनिस म्हणाली आणि शिडी उतरून गेली.

तेव्हाच त्याने माझ्या धुराड्यावर बोट ठेवलं होतं. मी हिरवीकडे बघत राहिले. ती दोनशे तुकड्यांची, मी अकरा तुकड्यांची, आणि आता आम्ही दोघी पंचवीसच्या. म्हणजे मी महाग झाले होते की ती स्वस्त? तिला विचारावंसं वाटलं, पण ती कुणाशी बोलायची नाही.

मग काळी आली. मग लाल. मग दोन करड्या डिझेलच्या. प्रत्येक वेळी ग्लेनिस विचारायची आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच, "तुझ्या निळीएवढीच." खोक्यांवर दुकानाच्या किमतीच्या चिठ्ठ्या असत, म्हणून रिकामी खोकी विल्फ घरी आणायचाच नाही. ती क्लबच्या सेक्रेटरीच्या, डग्लसच्या, गॅरेजमध्ये राहायची. टाकून का देत नव्हते, असं तुम्ही विचाराल. कारण खोकं नसेल तर इंजिनाची किंमत एक तृतीयांशाने उतरते. पुठ्ठ्याची! हेही मला कळलेलं नाही. सहा इंजिनं तर विल्फने खोक्यातून कधी बाहेरच काढली नाहीत. ती त्याने एकदाही चालवली नाहीत. ती डग्लसच्या गॅरेजमध्येच झोपून राहिली.

एका हिवाळ्यात विल्फच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्याला दोन महिने बसून राहावं लागलं. त्या दोन महिन्यांत त्याने मला घडवलं. माझे प्लास्टिकचे कठडे त्याने पात्याने तासून काढले, केसाएवढी भोकं पाडली आणि पितळी तारेचे कठडे बसवले. मासेमारीचं शिसं हातोडीने ठोकून माझ्या छपराखाली चिकटवलं, म्हणून मी जड झाले, आणि जड झाले म्हणून रुळावर पाय रोवून उभी राहू लागले. त्याने माझी मोटर बदलली. खऱ्या कोळशाचा खडा फोडून त्याचा चुरा माझ्या पाठीमागच्या कोळशाच्या कप्प्यात भरला. मला गडद निळा रंग दिला, आणि एवढं झाल्यावर त्याच रंगावर पाण्यासारखा पातळ काळा रंग आणि टाल्कम पावडर लावून मला मळकी केलं. खरी इंजिनं मळकीच असतात म्हणे.

त्यानंतर मी पहिल्यांदा हळू चालले. विल्फ खुर्चीत मागे टेकला.

मला वाटलं, आता माझी किंमत वाढली. तो मला मंगळवारी क्लबात घेऊन गेला. सगळ्यांनी मला हातात घेऊन पाहिलं, चष्मे वर करून पाहिलं.

"काम सुरेख आहे रे विल्फ," एकजण म्हणाला. "पण असं इंजिन खऱ्या रेल्वेवर कधी धावलंच नाही. ही नक्कल कशाची?"

"कशाचीच नाही," विल्फ म्हणाला. "ही हीच आहे."

ते सगळे हसले. मीही हसले असते, पण मला समजलं नाही की हे बरं आहे की वाईट.

गेल्या ऑक्टोबरमध्ये विल्फ हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांना सांभाळतात तिथे, गेला आणि परत आला नाही. माळ्यावर धूळ साचू लागली. नाताळनंतर एके दिवशी ग्लेनिस शिडी चढून वर आली, त्याच्या स्टुलावर बसली आणि काचेच्या कपाटातली इंजिनं मोजली. पंचवीस. मग तिने मला उचललं आणि खाली नेऊन स्वयंपाकघरातल्या फळीवर, विल्फच्या फोटोशेजारी ठेवलं.

जानेवारीत घराचा बॉयलर बंद पडला. तुम्ही बाहेरगावाहून आला असाल तर बक्स्टनची थंडी तुम्हाला माहीत नसेल. ग्लेनिस घरात विल्फचा कोट घालून वावरायची आणि अंघोळीचं पाणी किटलीत तापवायची. बॉयलर दुरुस्त करणारा माणूस येऊन गेला आणि म्हणाला, नवाच घ्यावा लागेल. ग्लेनिसने त्याला चहा दिला आणि म्हणाली, बघू.

त्याच आठवड्यात तिने इंजिनं दोन पेट्यांत भरली. हॉस्पिसचं एक दुकान आहे, लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तू विकणारं. तिथे ती सगळी द्यायची असं तिने ठरवलं होतं. मला ते ऐकून काहीतरी ओरडावंसं वाटलं. पण एक तर मला ओरडता येत नाही, आणि दुसरं म्हणजे मला बजावलेलं होतं.

गुरुवारी दुपारी दारावरची घंटा वाजली. डग्लस होता. टोपी हातात, धाप लागलेली.

"ग्लेनिस, ऐकलं ते खरं का? उद्या दुकानात देतेयस?"

"आधी आत ये आणि दार लाव. आहे नाही ती ऊब निघून जाईल. हो, देतेय. दहा-दहा पौंडांना ठेवीन म्हणाली ती बाई."

"दहा!"

"मग? नवी पंचवीसची, जुनी दहाची. फार झाले का? मी म्हटलं, आठला ठेव हवं तर. शेवटी विल्फची त्यांनीच सेवा केली."

डग्लसचा चेहरा तिच्या ठेल्यावरच्या जुन्या चीजसारखा झाला, पांढरा आणि मध्ये मध्ये हिरवट.

"हे बघ ग्लेनिस," तो म्हणाला, "आपल्या क्लबाची पद्धत आहे. सभासद गेला की आम्ही घरी येऊन त्याच्या इंजिनांची किंमत करतो. वार्षिक प्रदर्शनात टेबल मांडून विकतो. सगळे पैसे घरच्यांना."

"पंचवीस पौंडांच्या खेळण्यांची कसली किंमत करायची रे?"

 डग्लस गाडीकडे गेला आणि खोकी घेऊन आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. सहा खेपा केल्या त्याने. स्वयंपाकघरातलं टेबल भरलं, खुर्च्या भरल्या. सहा खोकी बंद होती, बाकीची रिकामी.

"हे काय आता?"

"विल्फची खोकी. माझ्याकडे जागा होती, म्हणून."

प्रत्येक खोक्याच्या कोपऱ्यावर खरवडल्याची जागा होती. पुठ्ठ्याची साल निघाली होती तिथे. मी फळीवरून बघत होते. बिचाऱ्याने आदली रात्र गॅरेजमध्ये नखाने किमती खरवडण्यात घालवली असणार.

मग तो किंमत करायला बसला. टेबलावर टॉवेल पसरला, हातभर रूळ मांडला. एकेक इंजिन उलटं करून चाकं भिंगातून पाहिली, झिजली आहेत का. रुळावर ठेवून अगदी हळू चालवलं आणि कान जवळ नेऊन ऐकलं. रंग कुठे उडालाय का पाहिलं. खोक्यात बारीक भागांची एक पुडी असते, ती फोडलेली आहे की बंद, तेही पाहिलं. बंद असली की त्याचा चेहरा खुलायचा. लावायचे भाग न लावता तसेच ठेवले, याचा एवढा आनंद का, ते मला विचारू नका.

"साठ," तो पहिल्याला म्हणाला आणि वहीत लिहिलं.

"साठ?" ग्लेनिस खूश झाली. "बघ की!"

"नव्वद." आवाज जरा खाली गेला.

"अरे वा."

"एकशे दहा." आता तो वहीशीच बोलत होता.

ग्लेनिसने चहाचा कप खाली ठेवला. "डग्लस, पंचवीसची वस्तू पंधरा वर्षं वापरून एकशे दहाची कशी होते? मी पंधरा वर्षांचं चेडर चीज विकलं असतं तर मला तुरुंगात टाकलं असतं."

"बाजार तसा आहे, ग्लेनिस."

"कुठला बाजार? बाजारात तर मीच होते."

ती उठली. तिने एका हातात मला घेतलं आणि दुसऱ्या हातात हिरवीला. डोळे मिटले. दोन्ही हात जरा वर-खाली केले. मी विल्फच्या शिशाने जड झाले होते, तरी हिरवीपुढे काहीच नव्हते.

"अठ्ठावीस वर्षं मी तराजूच्या आधी हाताने वजन सांगत आले," ती म्हणाली. "या दोघी एका भावाच्या नाहीत."

डग्लसने हिरवीचं खोकं घाईने पुढे केलं, बहुधा तिला पटकन आत घालण्यासाठी. ग्लेनिसने झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या घडीवर दुसरी चिठ्ठी होती. स्वच्छ, पांढरी, कुणी न खरवडलेली. १८९ पौंड.

ग्लेनिसने झाकण त्याच्यासमोर धरलं.

"डग्लस, हे काय आहे?"

"तो दुकानाचा नंबर असेल."

"दुकानाच्या नंबरापुढे पौंड लिहितात?"

डग्लसने टोपी डोक्यावर घातली आणि पुन्हा काढली.

"पंधरा वर्षं!" ग्लेनिस म्हणाली. तिचा आवाज वाढला नव्हता, उलट बारीक झाला होता. "आणि शनिवारी मी त्याच्या ओटकेकच्या धिरड्यांवर जास्तीचं चीज घालायचे. का? तर बिचारा स्वस्तातल्या खेळण्यांवर समाधान मानतोय! मी पडदे बदलले नाहीत, डग्लस. आठ वर्षं तेच पडदे. आणि तू त्याची खोकी सांभाळलीस!"

"त्याने घरातला एक पौंडही घेतला नाही. सहलींच्या बस चालवायचा."

"पैशांचं कोण बोलतंय? मी विचारलं होतं. दर वेळी विचारलं होतं. त्याने माझ्याकडे बघून सांगितलं, तुझ्या निळीएवढीच."

"आम्ही सगळेच तसं करतो गं."

"सगळेच म्हणजे?"

डग्लसने छताकडे पाहिलं. "माझी खोकी तुमच्या माळ्यावर आहेत. पाण्याच्या टाकीमागे, चादरीखाली. बावीस."

ग्लेनिसही छताकडे बघू लागली.

"माझ्या पॅट्रिशियाला सांगू नकोस," डग्लस म्हणाला. "पाया पडतो."

"गप्प बस." मग तिने मला टेबलावर त्याच्यासमोर ठेवलं. "हिची कर किंमत. खरी."

डग्लसने मला उलटं केलं, चाकं पाहिली, कठड्यांवरून बोट फिरवलं. फार सावकाश ठेवलं त्याने मला.

"पाच."

"पंचवीसला आणली होती मी."

"तशीच असती तर पंधरा तरी आली असती. पण रंग बदललाय, कठडे बदललेत, मोटर बदललीय. मूळची राहिली नाही ना. हाताने काम केलं की किंमत उतरते."

"दोन महिने खपला होता तो हिच्यावर! गुडघा सुजलेला, तरी."

"तेच तर सांगतोय."

"आणि ही, ज्यांना त्याने हातही लावला नाही?" तिने सहा बंद खोक्यांकडे बोट केलं.

"ती सगळ्यांत महाग."

ग्लेनिसने आधी खोक्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "तुम्हाला सगळ्यांना एकत्र बांधून डॉक्टरकडे न्यायला हवं," ती म्हणाली. मग फळीपाशी आली आणि विल्फचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. मला तिने फळीवर परत ठेवलं नाही. इंजिनांच्या पेटीत टाकलं.

त्या पेटीत मी नऊ दिवस होते. फोटो सरळ झाला की नाही, मला माहीत नाही. बाहेरून फक्त आवाज यायचे. एकदा ग्लेनिस कुणालातरी फोनवर म्हणाली, "मेलेल्या माणसाशी भांडायची सोय नाही, हीच मोठी पंचाईत आहे." एकदा डग्लस आला होता. त्याला तिने दारातच सांगितलं, "प्रदर्शनात टेबलावर मी स्वतः बसणार. तुम्हा खोटारड्यांच्या हातात एकही देणार नाही. आणि खरी किंमत एका कागदावर लिहून दे, प्रत्येकीची. या वेळी माझ्याकडे बघून."

तर आज प्रदर्शन आहे. मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये. सकाळी दहाला दारं उघडली तेव्हापासून गर्दी आहे. ओल्या कोटांचा वास येतोय, पलीकडे बायका चहा आणि केक देतायत. ग्लेनिस या लांब टेबलामागे पाठ ताठ करून बसली आहे. ती इंजिनं चीजसारखी विकते. गिऱ्हाइकाने घासाघीस केली की म्हणते, "नको असेल तर ठेवा, पलीकडे प्लास्टिकची झाडं स्वस्त आहेत." हिरवी पहिल्या अर्ध्या तासात गेली. जाताना तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दुपारपर्यंत ग्लेनिसच्या डब्यात बॉयलरपुरते पैसे जमले.

माझ्या कठड्याला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली आहे. सकाळी ग्लेनिसने त्यावर ५ लिहिलं. थोड्या वेळाने खोडून २५ लिहिलं. मग तेही खोडलं आणि पेन खाली ठेवलं.

लोक मला उचलतात. एक चष्मेवाले गृहस्थ म्हणाले, "सुटे भाग म्हणून दोन देईन." त्यांना माझी फक्त मोटर हवी होती. तांबड्या दाढीचा एक तरुण मात्र मला कितीतरी वेळ फिरवून बघत होता. "हे हाताने केलंय ना? चाळीस देतो." एका छोट्या मुलीने मला नाकाजवळ नेलं आणि आईला सांगितलं, हिला खऱ्या आगगाडीचा वास येतो. तिने काहीच किंमत सांगितली नाही. दोन, चाळीस, काहीच नाही. एका तासात. मी सकाळी होते तीच आहे, एक स्क्रूही हललेला नाही.

ग्लेनिस प्रत्येकाला एकच उत्तर देते, "अजून ठरलं नाही." तांबडी दाढी दोनदा परत येऊन गेली आहे. दोन्ही वेळा ग्लेनिसने माझ्याकडे हात नेला आणि परत घेतला. मला कळतं, ती माझ्याबद्दल ठरवत नाहीये. मी तिच्या नवऱ्याला दिलेली भेट आहे, आणि मीच त्याच्या खोट्याचं मापही आहे. घरी नेलं तर रोज दोन्ही समोर दिसणार. चाळीसला दिलं तर दोन्ही जाणार.

एक गोष्ट मात्र तिला माहीत नाही. ती सांगण्यासाठीच मी एवढं बोलले. विल्फला तिला खरं सांगायचं होतं. शेवटच्या उन्हाळ्यात तो माळ्यावर यायचा, मला समोर ठेवायचा आणि मी ग्लेनिस आहे असं समजून माझ्याशी बोलायचा. "हे बघ ग्लेनिस, चिडू नकोस." मग थांबायचा. "छे, अशी सुरुवात केली की ती आधीच चिडेल." पुन्हा, "ग्लेनिस, तूच मला नादी लावलंस, त्यात माझा काय दोष?" आणि स्वतःच हसायचा. एकदा त्याने सगळ्यांच्या खऱ्या किमती कागदावर लिहून काढल्या, कागद खिशात घातला आणि शिडीच्या तोंडापर्यंत गेला. तेवढ्यात खालून ग्लेनिसची हाक आली, "विल्फ, ओटकेक गार होतायत! चीज जास्त घातलंय!" तो तिथेच उभा राहिला. मग परत येऊन त्याने कागदाचे बारीक तुकडे केले. मी मोजलं होतं. अकरा वेळा प्रयत्न केला त्याने.

हे कळलं तर तिचा राग जाईल की वाढेल, ते मला सांगता येणार नाही. मला माझी किंमत कळत नाही, तर माणसांचं काय कळणार! पण हे तिला माहीत असावं, असं वाटतं. मला तिच्याशी बोलता येत नाही. तुम्हाला येतं. चहाच्या टेबलाच्या उजवीकडे, पुरुषी कोट घातलेली बाई, तीच ती. तिला जाऊन फक्त

"ग्लेनिस! ए ग्लेनिस!"

डग्लस ओरडतोय. कोपऱ्यात मुलांसाठी एक गोल रूळ मांडलाय, तिथून. जळका वास मला मघाशीच आला होता. मुलांचं इंजिन सकाळपासून फिरून फिरून मेलं असावं. त्याच्या जागी त्याने एक महाग काळी ठेवून पाहिली, पण ती त्या छोट्या वळणावर अडकली आहे आणि तिची एक नळी तुटून पडली आहे. आठ-दहा मुलं कठड्याला नाकं लावून उभी आहेत.

"ती तुझी निळी चालते का गं?"

"चालते का म्हणजे? मी आणलीय ती!"

ग्लेनिसने मला उचललं. चिठ्ठीचा दोरा दातांनी तोडला. तांबडी दाढी नेमकी तेव्हाच समोर आली.

"म्हणजे विकायची नाही का?"

"नाही," ग्लेनिस म्हणाली. आज पहिल्यांदाच.

ती मला घेऊन कोपऱ्याकडे निघाली आहे. डग्लसने हात पुढे केला, तर ती म्हणाली, "तू हो बाजूला, पॅट्रिशियाचा नवरा." आता ती स्टुलावर बसली आहे. पंधरा वर्षांत तिने एकदाही गाडी चालवलेली नाही. ती माझी चाकं रुळावर ठेवतेय, एक चाक सारखं घसरतंय, ती जीभ दातांत धरून पुन्हा ठेवतेय. बसलं. तिचा हात वेगाच्या बटणावर आहे आणि ती वाकून माझ्या अगदी जवळ आली आहे.

"ऐक," ती हळूच म्हणतेय. "त्याला मी अजून माफ केलेलं नाही. पण पोरं खोळंबलीत. चल गं."

निघायला हवं. तुम्ही अजून हॉलमध्ये असाल तर तिला एवढं जरूर सांगा, की विल्फने अकरा वेळा